पायवाट पाडण्याचा घरगुती उद्योग

ती. दादा,

शिरसाष्टांग नमस्कार (गुडघे धरलेत, म्हणून कागदावरच). वहिनींची कंबर कशी आहे? तुमच्या बहिणीची जीभ ठणठणीत आहे. विनंती विशेष काही नाही, सहज खुशाली कळवतोय.

बसथांबा आणि शाळा यांच्यामधलं मैदान तुम्ही पाहिलंच आहे. एका कडेला माझं शिवणाचं दुकान, दुसऱ्या कडेला न्हावी. तिथे आता गाड्यांना मज्जाव करून चालणाऱ्यांसाठी वाट, झाडं, बाकं असं सगळं होणार आहे. तयार कपड्यांच्या जमान्यात मी माश्या मारत बसलेला. म्हटलं, वाट दारावरून गेली तर चार गिऱ्हाइकं तरी वळतील. नगररचनेच्या बाई म्हणाल्या, "काका, आम्ही आधी कागदावर रेघा मारत नाही. लोक जिथून चालतात, तिथेच फरशी घालतो. महिनाभर गवत बघू."

शहाण्याला शब्दाचा मार! त्याच दिवशी मी चालायला लागलो. थांब्यापासून माझ्या पायरीवरून शाळेपर्यंत, आणि परत. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून तुमच्या बहिणीलाही चालवलं (डॉक्टरांना अजून कळवलेलं नाही). ज्यांचे कपडे माझ्याकडे अडकलेत त्यांना "उद्या या" म्हटलं. ते मी एरवीही म्हणतो, पण या वेळी समाजकार्य म्हणून. गवत पार उडालं. न्हावी आरशातून नुसता बघायचा.

परवा बाई आल्या आणि हरखल्याच. एवढी वर्दळ, म्हणजे वाट चांगली रुंद हवी! त्यांच्या माणसानं चुन्याची रेघ मारली ती थेट माझ्या पडवीतून. पायरी, पडवी, पडवीतलं मशीन, सगळं वाटेत. आत मशीन मावत नाही, म्हणजे पडवी गेली की दुकानच गेलं. खरं सांगतो दादा, मला रडू आलं.

मुलांना आशीर्वाद.

आपला,
(अजून तरी) दुकानदार

ता. क. – बाई शुक्रवारी पुन्हा गवत बघायला येणार आहेत. पुलापलीकडून यायला तुम्हाला कितीसा वेळ? घरचे, शेजारचे, सगळे जड बूट घालून या आणि न्हाव्याच्या दारावरून चाला. माझ्या पायरीवर पाऊलसुद्धा टाकू नका. चहा मैदानात पाठवतो.

ता. क. २ – घात झाला. चुन्याची रेघ न्हाव्यानंही पाहिलीय. सकाळपासून तो आपली गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीनिशी माझ्याच पायरीवरून फिरवतोय. रांगेत तुमचे थोरले चिरंजीवही होते. विचारलं, तर म्हणाले, "आतोबा, केस फुकट कापून मिळतात." तेव्हा दादा, उलट टपाली घरातल्या सगळ्यांच्या शर्टांची मापं पाठवा. कापड माझं.