काकीच्या नावावरचं रक्त

याहा, शाळेच्या वहीत मी तुला ‘आई’ लिहायचे, पण घरात तशी हाक कधी मारली नाही, घरात तू याहाच. आपली घरातली बोली मला लिहिता येत नाही, कोणी शिकवलीच नाही, म्हणून हे मराठीत लिहितेय. तुला मराठी येत नव्हतं आणि वाचता तर काहीच येत नव्हतं. पण मला लई राग आलाय. आणि तोंडाने मला काही बोलता येत नाही, हे तुझ्याएवढं कोणाला माहीत आहे? तू चुलीपुढे भाकरी थापता थापता ओरडायचीस, “जोरात बोल गं, भिंतीला सांगतेस का?” मी अजून तशीच आहे.

तू गेल्यावर आठवीपर्यंत शाळा कशीबशी ओढली, मग सोडली. भाऊ लहान, बा ऊसतोडीला गुजरातमध्ये, घरी कोण थांबणार. आता मला सतरावं चालू आहे. नंदुरबारला एक नवीन लॅब झालीय, तिथे कामाला आहे. रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि गाडी डोंगरात गेली की बर्फाची पेटी घेऊन सोबत जायचं, बायकांना आपल्या बोलीत समजवायचं. आमच्या मॅडम सांगतात की प्रत्येकाच्या रक्तात एक लांबच लांब मजकूर असतो, आईबापाकडून आलेला, आणि त्यातलं एक अक्षर बदललं तरी माणूस आजारी पडतं. तसा मजकूर मक्यात असतो, नदीतल्या माशात असतो, बेडकातपण असतो. ते सगळं आता इथेच वाचायचं, इथल्याच पोरापोरींनी शिकून वाचायचं, बाहेर पाठवायचं नाही, असं ठरलंय. दारावर बॅनर लावलाय, ‘क्षमता उभारणी’. मी रोज त्याच्याखालून आत जाते आणि रोज मनात म्हणते, माझी आई गेली तेव्हा कुठे होती ही क्षमता?

तुला तो कॅम्पचा दिवस आठवतो का? मला सगळा आठवतो. मोठ्या शहरातून गाडी आलेली, शाळेच्या पडवीत टेबल मांडलेलं. त्यांच्याकडे नावांची यादी होती. यादी झाली तेव्हा तू नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथारीवर मजुरीला होतीस, म्हणून तुझं नाव नव्हतंच. काकीचं होतं. पण काकी सुईला घाबरते. ती अंगणात उभी राहून तुला म्हणाली, “जाऊबाई, तू जा माझ्या जागी. अंग दुखतं तर तुझंच. माझं रक्त घेऊन काय करतील, त्यात नुसता चहा आहे.” तू हसलीस आणि निघालीस. तुला त्यात काही खोटं वाटलं नाही. आपल्याकडे रोजगार हमीच्या मस्टरवर घरातलं जे कोणी हजर असेल ते सगळ्या घराचा अंगठा देतं. घर एक, अंगठा एक. तुला वाटलं हेपण तसंच. मला सोबत नेलंस कारण मी तिसरीत होते आणि मराठी मला यायचं.

टेबलामागे बसलेला माणूस खालच्या सपाटीवरचा, अहिराणी बोलणारा होता. यादीत बोट घालून मला विचारतो, “तुन्ही मायनं नाव काय शे?” मी गप्प. त्याने परत विचारलं, मग स्वतःच यादीतलं काकीचं नाव वाचलं, “हाईच ना?” तू मान हलवलीस. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “बोल ना व पोरी, तोंडमा मूग शेत का?” मागच्या बायका हसल्या. मी मान खाली घातली. तुझा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला, नळी भरली, नळीवर काकीचं नाव चिकटवलं. आता मी स्वतः रोज ते चिकटवते ना, म्हणून मला माहीत आहे त्याला किती कमी वेळ लागतो. रक्त दिलं म्हणून एक बिस्किटाचा पुडा आणि एक केळं मिळालं. जाताना त्यांच्यातला एक जण आपल्या घरात वाकून बघायला आला आणि चुलीवर धुरात टांगलेल्या मक्याच्या कणसांतली चांगली चार काढून घेऊन गेला. बियाण्याची होती ती. “रिपोर्ट येईल,” एवढं म्हणाले आणि गाडी खाली गेली.

रिपोर्ट आला नाही. थंडी आली. मिरचीच्या पथारीवर पहाटेचं गार लागलं की तुझी हाडं फुटायची, गुडघे सुजायचे, डोळे हळदीसारखे व्हायचे. मुकादम म्हणायचा, कामचोर आहे. बासुद्धा तेच म्हणायचा. आजूबाजूच्या बायका म्हणायच्या हिला वारा लागलाय, भगताला दाखवा. भगतालापण दाखवलं. आणि मी, याहा, मीपण एकदा म्हणाले होते. तू मला पाणी आणायला सांगितलंस आणि मी म्हणाले, “तू नुसती पडूनच असतेस.” ते मात्र जोरात बोलले होते. तू भिंतीकडे वळलीस. दुसऱ्या वर्षी होळीच्या आधी तुला ताप भरला. चौघांनी बांबूला चादर बांधून झोळीत घालून तुला घाट उतरवलं. मी मागून पळत होते. तुझा हात झोळीच्या बाहेर लोंबत होता, त्यातली बांगडी फांदीला लागून वाजत होती. खालच्या रस्त्याला लागायच्या आधीच वाजायची थांबली, कारण काकीने तुझा हात उचलून चादरीत ठेवला.

आता मागच्या महिन्यातलं ऐक. आमच्या मॅडमनी त्या मोठ्या शहरातल्या लोकांकडून जुन्या कॅम्पची यादी मागवली. लई पत्रं लिहिली तेव्हा आली. त्यात आपल्या पाड्याची नावं होती, आणि काकीच्या नावापुढे लिहिलं होतं, सिकलसेल, पूर्ण आजार. खाली तारीख होती. याहा, ती तारीख तू जिवंत असतानाची आहे. त्यांना कळलं होतं, आणि त्यानंतर तू अख्खा एक पावसाळा आणि एक हिवाळा जगलीस. नळी बर्फात ठेवली, मजकूर वाचला, फायलीत लिहिलं, आणि कोणी डोंगर चढून आलं नाही. आले असते तर काकीचंच दार वाजवलं असतं. काकी म्हणाली असती, अरे ते रक्त माझं नाही, बाजूच्या घरात विचारा. एवढंच. मग तुझ्यासाठी रोज एक गोळी, भरपूर पाणी आणि थंडीत पथारीवर जायचं नाही. मी स्वतः आता बायकांना हे सांगते, पाठ झालंय.

मॅडमना वाटलं काकी अजून आजारी असेल, म्हणून गाडी काढली; खरं काय ते माझ्या तोंडातून निघालंच नाही. त्या दिवशी आमच्याकडे आफ्रिकेतून आलेल्या एक डॉक्टर बाईपण होत्या, लॅबमधल्या पोरांना मशीन शिकवायला आलेल्या. त्यापण चढल्या. काकी डोक्यावर दोन हंडे घेऊन समोरून आली. मॅडम म्हणाल्या, “मावशी, तुम्ही आजारी आहात.” काकी म्हणाली, “कोण म्हणतं? त्याला बोलाव, हे हंडे त्याच्या डोक्यावर देते.” मग त्या डॉक्टर बाईंच्या बारीक बारीक वेण्या हातात घेऊन मला म्हणते, “विचार हिला, एवढ्या वेण्या कोण घालून देतं? माझ्या सुना तर एक घालत नाहीत.” मी मॅडमकडून विचारलं. बाई हसल्या, म्हणाल्या, बहीण घालते, अख्खा दिवस जातो. सुईचं नाव काढल्यावर काकी पुन्हा घाबरली, पण त्या बाईंनी हात धरला म्हणून बसली. तिथेच तपासलं, रक्त नीट निघालं. कसला आजार नाही, मजकुरात एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

उतरताना गाडीत मॅडम चिडलेल्या, जुन्या लॅबने गोंधळ घातला म्हणून. डॉक्टर बाई इंग्रजीत बोलत होत्या, मॅडम आम्हाला मराठीत सांगत होत्या. बाईंच्या देशातपण हाच आजार आहे. त्यांच्या गावातूनपण लोक रक्त घेऊन गेले, झाडांची पानं, पाखरांची पिसं, सगळं दुसऱ्यांच्या देशातल्या फ्रीजरमध्ये. वाचलं दुसऱ्यांनी, नाव झालं दुसऱ्यांचं, आणि गावात कोणी सांगायला आलं नाही. आता तिकडे त्यांची पोरं स्वतः शिकताहेत, लाईट जाते, मशीन बंद पडतं, तरी नमुना बाहेर जायच्या आधी विचारावं लागतं. मग त्या डॉक्टर बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, नळीतलं रक्त कोणाचं, हे चिठ्ठीला माहीत नसतं, गावाला माहीत असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. घाटातलं ते वळण आलं, जिथे तुझी बांगडी वाजायची थांबली. आणि मी बोलले. काय बोलले ते नीट आठवत नाही, पण जोरात बोलले, कारण ड्रायव्हरने गाडी थांबवली. “ती चूक नाहीये! ते माझ्या आईचं रक्त आहे!”

मॅडमनी लगेच विचारलं, मग तेव्हा सांगितलं का नाही? मी म्हणाले, लहान होते, लाजले. डॉक्टर बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तो झटकावासा वाटला. त्यांचा काही दोष नव्हता, तरी.

काल अर्ज भरला. त्या शहरातल्या फ्रीजरमध्ये तुझी नळी अजून आहे, थोडं रक्त उरलंय. ती इथे पाठवा आणि नाव बदला, असा अर्ज. ‘नमुना देणाऱ्याचं नाव’ असं लिहिलंय तिथे मी माझ्या हाताने तुझं नाव घातलं. भावाचेपण गुडघे दुखतात, त्याचं रक्त सोमवारी घेणार, त्याची चिठ्ठी मीच चिकटवणार. आपल्या बाला फोन केला. सांगितलं, ती कामचोर नव्हती. त्याच्या मागे उसाच्या ट्रकचा आवाज येत होता. मग म्हणाला, “जेवली का तू?”

हे पत्र मी कुठे टाकणार? बर्फाच्या पेटीच्या खालच्या खणात ठेवते, तिथे कोणी बघत नाही. फक्त एक सांगायचं राहिलं, ते मॅडमना नाही सांगितलं. मी त्या दिवशी लाजून गप्प बसले नव्हते. तुझं नाव माझ्या तोंडात आलं होतं. पण त्या माणसाच्या हातात बिस्किटाचा पुडा होता, आणि मला वाटलं, नाव चुकलं म्हटलं तर तो द्यायचा नाही. तू घरी येताना अख्खा पुडा मला दिलास. मी सगळा खाल्ला, तुला एकपण दिलं नाही.