गळका ट्रान्झिस्टर

४ मार्च

लूआ ताईंचा बोर्ड आमच्या दुकानात दुरुस्तीला परत आला! पुन्हा तोच ट्रान्झिस्टर फुटलेला, काळाठिक्कर. त्यांच्या कोळंबीच्या तळ्यात हवा घालणारी चक्री याच बोर्डावर चालते. ती थांबली की कोळंबी गुदमरते. तूर्त शेजाऱ्यांची डिझेलची चक्री मागून आणलीय. "खिएम काका, महिनाअखेर कोळंबी काढायचीय, तेवढं धकवा हो," बाबांना म्हणाल्या. नवरा समुद्रावर गेला तो आलाच नाही. आता हे तळंच काय ते त्यांचं.

बाबा उखडले. "बाजारात सगळा नकली माल! माझ्या हातात खोट नाही."

५ मार्च

दिवसभर चिडचिड. कॉफीसुद्धा घेतली नाही.

७ मार्च

सापडलं. न सापडतं तर बरं झालं असतं!

बाबा प्रत्येक नवा ट्रान्झिस्टर मीटरवर उलटा तपासतात. उलटा प्रवाह गेला की "गळका!" म्हणून डब्यात फेकतात. दोन्हीकडून प्रवाह अडवेल तो त्यांच्या मते मर्द. त्यांच्या उमेदीतल्या मालाला हे ठीक होतं. पण आता कित्येकांच्या पोटातच डायोड बसवलेला असतो — उलटा प्रवाह जावा म्हणूनच! चक्रीच्या मोटारीचा प्रवाह तोडला की ती उलटा झटका देते. डायोड असला तर झटका त्यातून निघून जातो. नसला तर बाबांचा मर्द सरळ बाजूने सहाशे व्होल्ट सोसेल, उलट्या बाजूने पंचवीससुद्धा नाही. आणि दुकानात आम्ही बोर्ड दिव्यावर चालवून बघतो. दिवा कुठला झटका द्यायला!

डब्यातले 'गळके' तपासले. सगळे धडधाकट.

८ मार्च

सांगायला गेले. बाबा आईच्या फोटोपुढे उदबत्ती लावत होते. मला बघून म्हणाले, "अख्खं का माऊ शहर माझ्याकडे यायचं गं, न्यान. आता लूआ चारचौघांत काय सांगेल?" मी न सांगताच परत फिरले.

९ मार्च

दुपारी बाबा आडवे झाले तसा डब्यातला एक 'गळका' लावून टाकला. उठल्यावर म्हटलं, "तुमचे डोळे दुखत होते ना, मीच बसवला." बाबा उद्या स्वतः होडीने पोचवणार म्हणतात. जाऊ देत, त्यांचा मान राहील.

लूआ ताईंना फोन केला. "या वेळी दगा नाही. शेजाऱ्यांची चक्री खुशाल परत करा."

"काकांनाच जमणार हे, दुसऱ्या कुणाचं काम नव्हे!"

मी हो म्हटलं. किती दिवसांनी पोटभर जेवले!

१२ मार्च

तळं मेलं. काठाला पांढरीफटक कोळंबी लागलीय, वास सुटलाय. बोर्ड पहाटे कधीतरी फुटला. लूआ ताई बांधावर बसून होत्या. माझ्याकडे पाहिलंही नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "असं कसं होईल? निघताना मी बोर्ड पुन्हा तपासला होता. घाईत तुझ्या हातून गळका बसला होता, पोरी. मी बदलला. तुला लागेल म्हणून बोललो नाही."