गिरणीच्या भुताचा उजवा कौल

काळाचौकी, मुंबई

ती. स्व. धोंडूदादांना दत्तारामचा नमस्कार, वि. वि.

इकडे आम्ही दोघंही ठीक. तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींचा दमा कसा आहे, आणि मागच्या दारचा तो फणस (त्याच्याबद्दल पुढे येईलच) अजून उभा आहे का? पत्र पाहून चकित झाला असाल. सात वर्षं अबोला धरलेल्या मेहुण्याने एकदम पत्र पाठवावं म्हणजे काहीतरी विपरीत घडलं असणार, असं वहिनी म्हणतील. तसं घडलंच आहे. फोनही करता आला असता, पण तुम्ही उचलला नसतात, आणि उचलला असतात तर मला काय बोलावं ते सुचलं नसतं.

तर दादा, मी सध्या भूत आहे. घाबरू नका, जिवंतपणी आहे. घोडपदेवच्या बंद गिरणीखाली वारा खेळवण्यासाठी बांधलेली जुनी भुयारं आहेत. तिथे आमचा भायखळ्याचा रूपर्ट (हाफिसातून रिटायर झाला, पण स्वस्थ बसणं त्याच्या रक्तात नाही) लोकांना भुतांची सहल घडवतो. हातात बॅटरी, अंगात काळा कोट, आणि तोंडाने अशी वर्णनं की ऐकणाऱ्याची बोबडी वळावी. शेवटच्या वळणावर कोनाड्यात मी उभा. तोंडाला पावडर, डोक्याला मुंडासं, अंगात जुना खाकी कोट, हातात मिणमिणता कंदील. मेलेला जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, म्हणून रूपर्टने माझं नाव घेतलं की मी कंदील वर करून कण्हायचं, एवढंच काम. भुताने बोलायचं नाही, हा त्याचा कडक नियम. माझे वडील याच गिरणीत जॉबर होते, त्यामुळे मला ही नोकरी वारसाहक्काने मिळाली असंच मी समजतो. पोरंपोरी अशा किंकाळ्या फोडतात की मन प्रसन्न होतं. आयुष्यभर मला घरात कुणी घाबरलं नाही हो!

कमलला मात्र यातलं काही सांगितलं नव्हतं. भुताखेतांची थट्टा तुमच्या बहिणीला खपत नाही. म्हणून मी मंडळात पत्ते कुटायला जातो असं सांगून घराबाहेर पडायचो. (चांगलं काम लपवण्यासाठी वाईट सवय सांगणारा नवरा अख्ख्या गिरणगावात मीच.)

गेल्या रविवारी संध्याकाळी रूपर्टने आतून शीळ घातली, म्हणजे मंडळी आली. मी कंदील वर केला आणि जोरदार कण्हलो. किंकाळी नाही. पळापळ नाही. समोर आमच्याच चाळीचं महिला मंडळ, आणि सगळ्यांत पुढे हातात नारळ घेतलेली कमल! कुणाच्या ठिकाणी रिकाम्या हाताने जायचं नाही ही तुमच्याकडची शिकवण. मग ते ठिकाण भुताचं का असेना. रूपर्ट बिचारा "लेडीज, प्लीज, आता घाबरा" म्हणत राहिला. त्याच्याकडे लक्ष कोण देतो? कमलने पदर खोचला, दगडावर नारळ फोडला आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं पुरुषांनी, तेही गावकराने घालायचं, हे मलाही ठाऊक आहे. पण तुमच्या गावकर वडिलांची जीभ तुम्हा दोघां भावंडांत वाटली गेली आणि मोठा वाटा तिच्याकडे आला, त्याला मी काय करणार?

"बा गिरणीच्या राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका गरजल्या.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी इली आसत, तां गोड मानून घी रे म्हाराजा! माझ्या घोवाच्या नि माझ्या भावाच्या मधी एका फणसान जी भिंत घातल्यान हा, ती पाड रे म्हाराजा! माका माझ्या म्हायेरची वाट दिसू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दादा, हे शेवटचं सगळ्यांत मोठ्याने मी म्हणालो. सवय हो! जन्मभर जत्रेत तेच केलं, गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं. रूपर्टने कपाळाला हात लावला. मला मात्र गलबलून आलं. ही बाई सात वर्षांत माहेरच्या नावाने एक शब्द बोलली नाही, आणि मला वाटायचं तिला आठवण येत नाही. डोळ्यांतून पाणी आलं आणि पावडर ओघळून मिशीत गेली.

एवढ्यावर भागलं नाही. तिने कौल लावला! गजऱ्यातली दोन फुलं नारळाच्या पाण्यात भिजवून माझ्या दोन्ही खांद्यांवर चिकटवली. उजवं पडलं तर भुताचा होकार, डावं पडलं तर नकार. बायका श्वास रोखून उभ्या, मीही रोखला. पण नाकात पावडर गेलेली. अशी शिंक आली की कंदील विझला. पुन्हा पेटवला तर उजवं फूल जमिनीवर, डावं जागच्या जागी! बायकांनी हात जोडले. रूपर्टनेसुद्धा छातीवर क्रॉसची खूण केली.

घरी आलो तर तिने बांगडा तळलेला, सोलकढी केलेली. पत्ते कसे झाले, असं विचारलं. हरलो, म्हणालो.

दिलेला कौल भुतालाही मोडता येत नाही. म्हणून हे पत्र. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
दत्ताराम

ता. क. येत्या मे महिन्यात आम्ही दोघं येतोय. कणकवली स्टेशनवर रिक्षा घेऊन तुम्ही स्वतः या. तुम्हाला बघून ती रडेल, तेव्हा मी सामान मोजत असेन.

ता. क. दुसरा. याचा अर्थ मी फणसाचा मुद्दा सोडला असा नाही. कापा फणस म्हणून दिलात तो गिळगिळीत बरकाच होता, आणि एसटीत फुटला तेव्हा अख्ख्या मागच्या सीटने तो पाहिला आहे.

ता. क. तिसरा. हे पाकीट बंद करण्याआधी भुताचा कोट झटकायला घेतला. डाव्या खांद्यावरचं फूल सुकलं तरी पडेना. पाहिलं तर ते कमलच्या केसांतल्या आकड्याने कोटात पक्कं खोचलेलं. तिला मी काही विचारलेलं नाही. भुताने बोलायचं नाही, असा नियम आहे.