वस्तारा घेऊन जातोय

अगं, वस्तारा जागेवर दिसला नाही तर घाबरू नकोस.

आपलं दुकान पेटवणारा तो माणूस आता अर्धांगवायूनं पडलाय. दाढी छातीवर आलीय, पण कुणी न्हावी त्याच्या दारात जायला तयार नाही. सकाळी त्याची बहीण दाढी करायला चला म्हणून बोलवायला आली होती. मी तिला दारातूनच हाकललं.

तेव्हापासून कशात मन लागेना. रविवारी चर्चमध्ये ‘शत्रूवर प्रीती करा’ ऐकून मान डोलवायची, आणि सोमवारी दार आपटायचं?

“मोठे संत लागून गेलात!” म्हणशील. नाही गं. माफ केलंय की नाही, मलाच ठाऊक नाही. गळ्याशी पातं धरेन तेव्हा कळेल.

जेवायला थांबू नकोस. थांबलीस तर बरं वाटेल.

आणि प्रार्थना कर. त्याच्यासाठी नंतर, आधी माझ्या हातासाठी.