सोयर फिटल्यावर

रत्नागिरी,
ता. १९ जानेवारी २००१

ती. आईस,
सुमेधाचा इथूनच वाकून नमस्कार.

बाळ छान आहे. पोटभर पितो आणि झोपतो. माझे टाके सुकले. तू एस.टी.तून पाठवलेले अळिवाचे लाडू पोचले, दोनच फुटले. दुसरं बाळंतपण सासरी म्हणून काळजीत असशील, पण सासूबाई मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत.

एक गोष्ट मात्र फोनवर सांगवली नाही.

दवाखान्यातून आलो तेव्हा सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला. राही चार दिवसांनी मला बघत होती. धावत आली आणि पायांना बिलगली. मी ओरडले, "लांब हो! सोयर आहे, दहा दिवस मला शिवायचं नाही!"

सासूबाई म्हणाल्या, "अगो, एवढ्याशा पोरीला कसलं सोयर?" तरी मी ऐकलं नाही. आई, सोयर मी कधी पाळलंय? अंग ठणकत होतं आणि तेव्हा मला ती जवळ नको होती, एवढंच.

रोज ती खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसून बाळाकडे बघायची. काल माझं न्हाणं झाल्यावर मी हाक मारली, "ये गो." आली नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून विचारलंन, "आई, माझं सोयर फिटलं?"

मी तिला उचलून मांडीवर घेतलं. हात मात्र तिने मागेच ठेवले.

ओमकार झाला तेव्हा मीही चारच वर्षांची होते ना? आप्पांना हे वाचून दाखवू नकोस. पण तेव्हा तू मला कधी जवळ घेतलंस, ते आठवत असेल तर कळव.

तुझी,
सुमेधा