पुस्तिकेच्या पाचव्या पानावरून गळालेली ओळ

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी (बालदंत विभाग),
नगर आरोग्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय: ‘पालकांनो, मुलांचे दात सांभाळा’ या पुस्तिकेच्या पान पाचवरून गळालेल्या ओळीबाबत, आणि या अर्जावर आवक शिक्का मिळण्याबाबत.

संदर्भ: अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांस आलेली आपली दोन उत्तरे (पहिले: पूर्णविराम मंजूर, दुसरे: मुद्रितशोधक उपलब्ध नाही).

महोदय,

१. अर्जदार निवृत्त मुद्रितशोधक आहे. एकतीस वर्षे छापखान्यात त्याने इतरांच्या चुका शोधल्या. माणसांपेक्षा छापील कागदाशी त्याचे बरे जमते. चार माणसांत बोलायचे म्हटले की घशाला कोरड पडते. म्हणून दवाखान्याच्या सिस्टर जेव्हा म्हणाल्या, “आजोबा, दर मंगळवारी पालकांना पुस्तिका वाचून दाखवाल का? बोलायचं काही नाही, नुसतं वाचायचं,” तेव्हा ‘नुसतं वाचायचं’ एवढ्यावर भाळून तो हो म्हणून बसला. आपण या कामाला लायक आहोत का, ही शंका त्याला तेव्हाही होती.

२. वाचकांचे नियम प्रतीक्षागृहात वजनकाट्याच्या वर लावलेले आहेत. नियम चौथा: वाचकाने पदरचे काही घालू नये, असलेले काही गाळू नये. नियम पाचवा: कार्यालयाचा शिक्का असलेलाच कागद वाचावा. अर्जदाराची या नियमांविरुद्ध तक्रार नाही. आधीचे वाचक, एक निवृत्त कंडक्टर, दुखऱ्या दाताला लवंगतेलाचा बोळा लावायला सांगत आणि त्यात एका मुलाची हिरडी भाजली, हे त्याला ठाऊक आहे. शिवाय पदरचे घालू नये हा तर त्याच्या जन्माच्या धंद्याचाच नियम.

३. पहिल्या मंगळवारी अर्जदाराने पहिली चार पाने नीट वाचली. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट, पुढे वाटाण्याएवढी. दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपवू नये. सात-आठ वर्षांपर्यंत दात मोठ्यांनीच घासून द्यावेत. पालक ऐकत होते, मुले टेबलावरचा प्लास्टरचा जबडा उघडमीट करत होती. मग पान पाचचे शेवटचे वाक्य आले: “दुधाचे दात पडणारच असतात, तेव्हा त्यांची निगा राखण्याचे कारण नाही”. पान उलटले, तर सहाव्यावर कायमच्या दातांचे प्रकरण सुरू. बाकांवरून सुटकेचा सुस्कारा निघाला. कारखान्याच्या गणवेशातले एक गृहस्थ बायकोला म्हणाले, “बघ, मी काय सांगत होतो! उगाच ब्रश घेऊन त्याच्यामागे घरभर पळतेस.” अर्जदाराच्या कानाला ते वाक्य खटकले, पण खटकले तरी वाचले.

४. पहिल्या बाकावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई बसत. त्यांची मुलगी चार वर्षांची, घरात तिला ठकी म्हणतात. पुढच्या मंगळवारी त्या मुद्दाम जवळ येऊन म्हणाल्या, “आजोबा, तुमच्या एका वाक्यानं आमचं रोजचं रणकंदन मिटलं बघा. ही तोंड उघडायची नाही, मी ओरडायची, शेजारीण भिंत ठोकायची. आता सगळं शांत.” अर्जदाराने मान डोलावली आणि पुस्तिका उघडली. याला सात आठवडे झाले. ठकी आता एकाच बाजूने चावते. डावीकडच्या मागच्या दाढेवर काळा खड्डा आहे, आणि गेल्या मंगळवारी गाल सुजलेला होता. दाताचे डॉक्टर समोरच्याच दारामागे बसतात, बाकापासून दहा पावलांवर. अर्जदाराने धीर करून बाईंना बोळात गाठले आणि सांगितले, की दुधाच्या दाताचीही काळजी घ्यावी लागते, तो पुढच्या दाताची जागा धरून ठेवतो, आणि मागच्या दाढा तर दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. बाई हसल्या. “आजोबा, तिथे वाचता ते खरं की इथे म्हणता ते? तिथे तर शिक्का आहे! पडणाराच दात तो, कशाला पोरीला सुईची भीती दाखवायची?” यावर अर्जदार “तेही खरंच म्हणा” असे पुटपुटला. हे वाक्य त्याला तेव्हापासून झोपू देत नाही. सिस्टरांना सांगितले, तर त्या म्हणाल्या, “आईनं केसपेपर काढल्याशिवाय डॉक्टर तरी काय करणार?”

५. आता जे लिहायचे ते आधीच्या दोन्ही अर्जांत अर्जदाराने लाजेपोटी दडवले. ही पुस्तिका चौदा वर्षांपूर्वी त्याच्याच टेबलावरून गेली. पहिल्या मुद्रितात, म्हणजे तपासणीच्या कच्च्या छपाईत, पान पाचच्या तळाला आणखी एक ओळ होती. तिच्यातल्या एका शब्दाची दोन अक्षरे उलटसुलट लागली होती, तेवढीच अर्जदाराने दुरुस्तीला दिली. जुळवणीत अक्षरांऐवजी ओळच उडाली. शेवटच्या मुद्रितावर फक्त आपल्या दुरुस्त्या झाल्या का एवढे पाहायचे असते. अर्जदाराने पाहिले, चुकीचा शब्द कुठे दिसेना, म्हणून समाधानाने बरोबरची खूण केली आणि सही ठोकली. चूक खरोखरच राहिली नव्हती. चुकीबरोबर खरेही गेले होते.

६. पहिल्या अर्जात त्याने भीत भीत एवढेच लिहिले, की पान पाचच्या अखेरीस वाक्य अपूर्ण राहिल्यासारखे वाटते. त्यावर आपल्या कार्यालयाने तत्परतेने पूर्णविराम घालून वाक्य पूर्ण करण्यास मान्यता दिली. शिपायांनी दोन दिवस बसून सहाशे प्रतींवर शाईने तो घातला. पूर्णविराम गोल, ठसठशीत आणि कायमचा आहे. पूर्वी त्या वाक्यापुढे काहीतरी असावे अशी शंका तरी येई. आता तीही येत नाही.

७. दुसऱ्या अर्जात ओळ गळाल्याचे लिहिले आणि मूळ हस्तलिखित पाहावे अशी विनंती केली. उत्तर आले, की हस्तलिखित नष्ट केलेले असून शुद्धिपत्रावर मूळ मुद्रितशोधकाची सही लागते, आणि सदर मुद्रितशोधक निवृत्त असल्याने उपलब्ध नाही. अर्जदार ते उत्तर घेऊन खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, तो मुद्रितशोधक मीच. खिडकीतले लिपिक चांगले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “तुम्ही असाल हो काका, मी कुठे नाही म्हणतो? पण कागदावर तुम्ही उपलब्ध नाही.” अर्जदार पाऊण तास खिडकीसमोर उपलब्ध होता. मागे रांग वाढली, म्हणून घरी आला.

८. काम सोडून द्यावे, तर तीही सोय नाही. पहिल्याच आठवड्यात अर्जदाराचे वाचन ध्वनिमुद्रित करून घेतलेले आहे. सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही नाही आलात तर रेकॉर्ड लावू, काळजी करू नका. सहाही दवाखान्यांत लावता येईल.” म्हणजे अर्जदार आला तर ते वाक्य एका खोलीत वाचणार, आणि न आला तर सहा खोल्यांत, त्याच्याच आवाजात. त्याने ते रेकॉर्ड एकदा ऐकले. उच्चार स्वच्छ आहेत. ऐकणाऱ्याला संशय यावा असे त्यात काहीच नाही.

९. अर्जदाराच्या पत्नीने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हटले, “अहो, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, आणि स्वतःची एक निघाली तर घर डोक्यावर घेताय.” पण दुसऱ्याच दिवशी तिने स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे उतरवले. रद्दी मुद्रिते फळीवर अंथरायला ती वर्षानुवर्षे नेत असे. साखरेच्या डब्याखाली पान पाच निघाले, अर्जदाराच्या लाल शाईतल्या दुरुस्तीसकट. ओळ सापडली म्हणून अर्जदाराला आनंद झाला, आणि ती वाचता येणार नाही हे आठवून पुन्हा जागीच बसावे लागले. त्या कागदावर शिक्का नाही, तेलाचा डाग आहे. तेव्हा पत्नी म्हणाली, “शिक्का, शिक्का काय करताय? तुमच्या दोन्ही अर्जांच्या प्रतींवर तो आहेच की! अर्जातच लिहा ना ती ओळ.” एकतीस वर्षांत अर्जदाराला तिच्याकडून दुसरा हात फिरवून घ्यायचे सुचले नाही, याची इथे नोंद करावीशी वाटते.

१०. सबब गळालेली ओळ, उलटसुलट अक्षरांची दुरुस्ती तेवढी करून, जशीच्या तशी खाली देत आहे:

“असे पुष्कळ पालक समजतात, हे चूक आहे, पहिल्या दातापासून घासा, किडल्यास दाखवा.”

११. अर्जदाराची विनंती आता फार लहान आहे. शुद्धिपत्र निघावे, ध्वनिमुद्रण पुसले जावे हे आपल्या सवडीने व्हावे. आधीच्या दोन्ही अर्जांच्या अनुभवावरून हा कागद आवक खिडकीपासून आपल्या टेबलापर्यंत यायला नऊ दिवस लागतील. तोपर्यंत दोन मंगळवार होऊन गेलेले असतील. आज फक्त याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून ती परत मिळावी. शिक्का असलेला कागद नियम पाचप्रमाणे वाचता येतो, आणि उद्या अकरा वाजता पान पाच संपताच अर्जदार हा अर्ज वाचेल. नियम चारप्रमाणे त्यातले काही गाळता येणार नाही, परिच्छेद पाचही नाही. तो वाचताना आवाज फुटेल का, याची अर्जदाराला खात्री नाही. त्याने घरी दोनदा वाचून पाहिला. दोन्ही वेळा तिथेच अडकला. तिसऱ्यांदा पत्नी समोर बसली, तेव्हा पार झाला. उद्या तीही येणार आहे. यात नियमभंग होत असल्यास जी कारवाई योग्य वाटेल ती करावी. अर्जदार उपलब्ध आहे.

१२. शिवणकाम करणाऱ्या बाई पहिल्या बाकावर असतील, तर त्यांनी इथे उठावे, ठकीला घेऊन केसपेपर काढावा आणि समोरच्या दारातून आत जावे. त्या जाईपर्यंत वाचक थांबेल.

आपला नम्र, आणि उद्या अकरा वाजता हजर राहणारा,

(सही)
अर्जदार, निवृत्त मुद्रितशोधक
दि. १४ ऑक्टोबर, सोमवार

सोबत:
१) पहिल्या मुद्रिताचे पान पाच (डब्याच्या गोल डागासह, काम झाल्यावर परत मिळावे, फळी उघडी आहे).
२) आपली दोन उत्तरे.
३) याच अर्जाची दुसरी प्रत, मोठ्या अक्षरांत, शिक्क्यासाठी.