शेडमागचे नऊ ठिपके

प्रिय ढब्बू,

ऑफिसात सगळे तुला साहेब म्हणतात, म्हणोत बापडे. पत्रात तुला दुसरं काही म्हणायला गेले की माझा हात अडतो. आपल्या खुर्च्या एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे, आणि ताई पत्र काय लिहितेय, असं म्हणून तू हसशील. पण फोनवर लिहिलं तर दोन ओळी वाचून तू अंगठ्याचं चित्र पाठवशील. समोर येऊन बोलले तर मंगळवारी झालं तेच पुन्हा होईल. तू स्क्रीनवरची नजर न काढता 'ताई, भावनिक होऊ नकोस' म्हणशील आणि मी दार आपटून निघून जाईन. म्हणून कागद घेतला. आता बूड टेकवून शेवटपर्यंत वाच.

बाबांचा गुडघा बरा आहे. तू त्यांना टॅबलेटवर साइटचा नकाशा लावून दिलास ना, तेव्हापासून त्यांची स्वारी खूश होती. रिकामी माणसं गॅलरीत बसून रस्ता बघतात, तसे ते दिवसभर ठिपके बघायचे. एक ठिपका म्हणजे एक माणूस, हे त्यांना आधी पटत नव्हतं, मग त्याचंच वेड लागलं. पाचव्या मजल्यावर ठिपके दिसेनासे झाले की मला फोन, प्लास्टरवाले गेले कुठे? मी म्हणायची, जेवायला गेलेत बाबा, माणसं आहेत ती. मंगळवारपासून त्यांचा फोन नाही. टॅबलेट कपाटावर ठेवून दिलाय, असं आई सांगत होती.

मला जुन्या वळणाची ठरवू नकोस. अख्खी इमारत आधी संगणकात उभी करायची, हे खूळ तू आणलंस तेव्हा घरात तुझी बाजू घेणारी मी एकटीच होते. पाइप तुळईत घुसतोय हे पूर्वी भिंत उभी राहिल्यावर कळायचं. मग फोडा, पुन्हा बांधा, एकमेकांच्या नावाने बोटं मोडा. ते सगळं थांबलं, आणि ते तुझ्यामुळे थांबलं. ड्रोन आणलास तेव्हाही मी चार लोकांत मिरवत होते की माझा धाकटा भाऊ सगळ्यांच्या दोन पावलं पुढे असतो. माणूस कुठे आहे ते नकाशावर दाखवणाऱ्या, हेल्मेटमधल्या बिल्ल्यांची कल्पना तर मला फारच भावली. बाबा कुरकुरत होते, तेव्हा तू त्यांना त्या पाइपची आठवण करून दिलीस. लहानपणी बाबांच्या साइटवर तू लपाछपी खेळताना सिमेंटच्या पाइपात झोपी गेलास आणि अख्खं काम बंद ठेवून सगळे तुला शोधत होते. आईने रडून आकांत मांडला होता. शेवटी मुकादमकाकांनी तुला पाय धरून बाहेर ओढलं, आणि तू डोळे चोळत खायला मागितलंस. 'तेव्हा माझ्या डोक्यावर बिल्ला असता तर?' असं तू विचारलंस आणि बाबा विरघळले. मीही विरघळले.

कामावरच्या लोकांना मात्र हा प्रकार रुचला नव्हता. वयस्क सुतार तर तोंडावर म्हणाला, 'म्हणजे आता आम्हाला घंटा बांधणार का?' सगळे हसले, पण हेल्मेटला हात कुणी लावेना. तेव्हा तूच मला म्हणालास, ताई, तुझं ऐकतील, तू बोल. जेवणाच्या शेडमध्ये मी बाकावर उभी राहिले. सांगितलं की काही कोसळलं, कुणी अडकलं, तर कोण कुठे आहे हे लगेच कळावं, एवढ्यासाठीच हा बिल्ला. कोण किती वेळ टेकलं, कोण कुणाशी बोललं, हे कुणीही बघणार नाही. हा माझा शब्द. तू शेजारी उभा राहून मान डोलवत होतास. मुकादमकाकांनी पहिलं हेल्मेट घातलं, सुताराच्या डोक्यावर दुसरं ठेवलं, आणि मग रांग लागली. आपल्या दोघांच्या हेल्मेटांत बिल्ला नाही हे कुणीतरी विचारलं होतं. मालकांना कशाला, असं तू हसून म्हणालास. मीही हसले, कारण मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढे सामान नेणाऱ्या लिफ्टचं निघालं. मी तिच्यातून वर गेले होते. थांबताना ती वीतभर खाली सरकली. तुला सांगितलं. तू म्हणालास, स्क्रीनवर ती हिरवी दिसतेय. पुन्हा सांगितलं की अरे, तिथला सेन्सर वजन मोजतो, मोटर किती तापली ते मोजतो, ब्रेकचं त्याला काय कळणार? तू म्हणालास, स्लॅब झाला की बघू. तिसऱ्यांदा सांगायला आले तेव्हा तू मीटिंगमध्ये होतास, आणि काचेतूनच मला हाताने परत जायची खूण केलीस. मग तक्रार गेली, तपासनीस आले, लिफ्टला टाळं लागलं. ब्रेक झिजून गेला होता हे तूही डोळ्यांनी पाहिलंस. मला वाटलं, आता हा कपाळाला हात लावेल, थोडक्यात वाचलो म्हणेल. तू विचारलंस, घरभेदी कोण?

आणि तू नकाशा उघडलास. ज्यात बघणार नाही असा मी शब्द दिला होता, त्यातच बघितलंस. मागचे दिवस एकेक करून चाळलेस. तक्रारीच्या आदल्या दिवशी, चहाच्या सुट्टीत, सळया कापायच्या शेडमागे नऊ ठिपके तुला एकत्र दिसले. तेवढ्यावरून तुझा निकाल झाला. मंगळवारी सकाळी त्या नऊ जणांनी फाटकावरच्या यंत्राला हेल्मेट लावलं, तर लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. कुणी सांगायलाही आलं नाही, यंत्राने नुसतं केकाटून हाकललं. मी पोहोचले तेव्हा ते बाहेर रस्त्यावर उभे होते आणि फोनवर आलेला, कामावरून काढल्याचा संदेश एकमेकांना दाखवत होते. त्याखाली तुझं नाव होतं आणि शेजारी माझं. ढब्बू, मला न विचारता तू माझं नाव टाकलंस! ज्यांनी माझ्या शब्दावर ती टोपी डोक्यावर घेतली, त्यांना माझ्याच नावाने बाहेर काढलंस. आणि त्या नवांत मुकादमकाका होते. ज्याने तुला पाइपातून ओढून काढलं, त्याला फाटकाबाहेर उभं करताना तुझं मन जराही कचरलं नाही? माझ्याशी इतका दगाफटका आजवर कुणी केला नाही रे. परक्याने केला असता तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. तुला शिव्याही घालवत नाहीत, याचा मला जास्त राग येतो.

ते ठिपके कसे उभे होते, हे तू नीट पाहिलं होतंस का? मी काल पाहिलं. ते गोल करून उभे आहेत आणि मध्ये रिकामी जागा आहे. नऊ माणसं एका रिकाम्या जागेकडे तोंड करून चहाची सगळी सुट्टी उभी राहतात, हे तुला विचित्र वाटलं नाही. मध्ये मी होते. मालकांच्या हेल्मेटात बिल्ला नाही, म्हणून मी दिसत नाही. मीच त्यांना बोलावलं होतं, त्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवू नका, असं सांगायला. तक्रारही माझीच. दुसऱ्या दिवशी माझ्या हाताने, माझ्या सहीने दिली, आणि त्यातल्या एकालाही आधी त्याचा पत्ता नव्हता. मंगळवारी तुझ्या केबिनमध्ये मी हेच सांगायला आले होते, तर तू मला भावनिक ठरवून गप्प केलंस.

आता हे पत्र का, ते सांगते. 'मध्ये ताई होत्या' एवढं त्यांच्यापैकी कुणीही म्हणालं असतं तर त्यांची नोकरी वाचली असती. तीन दिवस झाले, नवांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. तुझ्या केबिनमधून मी परत फाटकावर गेले आणि मुकादमकाकांना म्हटलं, पुन्हा जाऊन सांगते. तर मलाच म्हणाले, 'नका ताई, तुम्ही तरी आत राहा. ती लिफ्ट कुणी बघायची?' सोमवारी ते कामगार अधिकाऱ्यांसमोर जाणार आहेत. मी टेबलाच्या त्यांच्या बाजूला बसणार आहे आणि होतं ते सगळं सांगणार आहे. तू वकील आणशील, आण. बाबांना मी आज सांगितलंय. ते म्हणाले, जा. तिथे मला समोर बघून तुला धक्का बसू नये, म्हणून आधी कळवतेय. माझ्यासाठी तू एवढंसुद्धा केलं नव्हतंस. त्याआधी त्यांना परत घ्यायचं असेल तर रविवारपर्यंत वेळ आहे. आणि कुणाला काढायचंच असेल तर मला काढ, पण फाटकावर नको, माझ्याकडे बघून सांग.

तुझीच, अजून तरी,
ताई